काड्यांविना छत्री, घडीच्या बळावर

प्रश्न : दर पावसाळ्यात माझी छत्री दगा देते ती काडीमुळे, कापड शाबूत असते. एक काडी मोडली की धडधाकट कापडाची छत्री अडगळीत जाते, कारण दुरुस्त करणारे आता सापडत नाहीत. काड्याच नसलेली, नुसत्या घड्यांच्या जोरावर उभी राहणारी, मिटवून पिशवीत टाकता येणारी आणि स्वस्त अशी कागदाची छत्री बनवता येईल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बनवता येईल. उन्हासाठी आणि शांतपणे पडणाऱ्या पावसासाठी ती छान चालेल. आषाढात समुद्राकडून येणाऱ्या झोडपत्या वाऱ्यात मात्र टिकणार नाही. ही मर्यादा कुठून येते हे समजले, तर छत्री कशी बनवायची तेही आपोआप समजते. म्हणून सुरुवात काडीपासून करू.

छत्रीवर पावसाचा भार किती असतो, याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. ताशी १०० मिलिमीटर म्हणजे अक्षरशः कोसळणारा पाऊस. एक मीटर व्यासाच्या छत्रीवर अशा पावसात तासाला सुमारे ७८ लिटर पाणी पडते, म्हणजे सेकंदाला २२ मिलिलिटर. मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने खाली येतो. या दोन आकड्यांवरून थेंबांच्या माऱ्याचे बळ काढले तर ते जेमतेम वीस ग्रॅम वजनाइतके भरते. आता वारा घ्या. ताशी ३६ किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरवर सुमारे ६ किलो वजनाएवढा दाब देतो. तो छत्रीच्या पोकळ बाजूने समोरासमोर शिरला तर हातावर सहा-साडेसहा किलोचा हिसका बसतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हिसका चौपट. थोडक्यात, काडी असते ती वाऱ्यासाठी. पावसासाठी पाणी न झिरपणारा पडदा पुरतो.

काड्या नसलेले पावसाचे आच्छादन आपल्याला नवीन नाही. शेतात पोत्याची खोळ घेणारी माणसे अनेकांनी पाहिली असतील. पोत्याचा तळाचा एक कोपरा आत ढकलून दुसऱ्या कोपऱ्यात बसवला की दुहेरी, टोकदार टोपी होते आणि उरलेले पोते पाठीवर सोडता येते. घोंगडीचीही अशीच खोळ करतात. शिवण नाही, काडी नाही, नुसती घडी. हे जमते, कारण तिथे डोके आणि पाठ हाच सांगाडा असतो. कोकणातल्या इरल्याला मात्र बांबूच्या कामट्यांची जाळी लागते, कारण त्याला अंगापासून थोडे दूर, फुगीर राहायचे असते. छत्री तर अंगापासून पुरती सुटी, एका दांड्यावर अधांतरी. तिथे ताठपणा कुठूनतरी आणावाच लागतो.

तो कुठून येतो याचे उत्तर पोलादी काडीच देते. इंग्लंडमध्ये शेफील्डजवळच्या स्टॉक्सब्रिज इथे कारखाना असलेल्या सॅम्युअल फॉक्स यांनी १८५२ मध्ये छत्रीसाठी पन्हळीच्या आकाराची पोलादी काडी आणली. त्याआधी देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्या किंवा वेत वापरत. भरीव पोलादी सळई घातली असती तर छत्री उचलवली नसती. फॉक्स यांनी पोलादाची पातळ पट्टी घेऊन तिच्या दोन्ही कडा वळवल्या, तिची पन्हळ केली. पोलाद थोडे, वजन थोडे, पण वाकायला अवघड. आजही तुमची मोडकी छत्री उलटी धरून काडी निरखून पाहा, बहुतेक वेळा ती पन्हळच दिसेल.

म्हणजे ज्या काडीवर आपण विसंबतो तिचे बळही घडीतूनच येते. तुमचा प्रश्न मला म्हणूनच मोलाचा वाटतो. काडी काढून टाकायची म्हणजे पोलादातली घडी कागदात आणायची. हे शक्य आहे. फक्त कागदाची घडी उघडी कोण धरून ठेवणार, एवढे ठरवावे लागते. पोलादाची पन्हळ कायमची वळलेली असते. कागदाच्या घडीला सपाट व्हायला सारखे निमित्त हवे असते.

वह्यांना घालायच्या खाकी कागदाची वीतभर पट्टी एका टोकाला धरा. ती लगेच खाली लोंबते. तिलाच लांबीच्या दिशेने साडीच्या निऱ्यांसारख्या चुण्या घाला आणि पुन्हा धरा. आता ती आडवी राहते, वर एखादे नाणेही तोलते. कागद तोच, वजन तेच, बदलली फक्त उंची. पातळ कागद वाकायला किती विरोध करतो हे त्याच्या जाडीवर ठरते. चुणी घातल्यावर तो विरोध चुणीच्या उंचीवर ठरू लागतो, आणि तोही उंचीच्या वर्गाने वाढतो. ०.१५ मिलिमीटर जाडीच्या कागदाला २७ मिलिमीटर उंचीची चुणी घातली तर हिशेबाने ताठपणा सुमारे ३० हजार पट होतो. तीच चुणी दोन्ही बाजूंनी बोटांनी हलकेच ओढून पसरा. नाणे लगेच घसरते. चुणीची उंची टिकली तर ताठपणा टिकला.

निसर्गात ही रचना खूप जुनी आहे. ताडगोळ्याच्या झाडाचे पान जवळून बघा. कोवळे पान बाहेर येते तेव्हा पूर्ण मिटलेले असते, मग चुण्या सोडत पसरते, आणि पसरल्यावरही चुण्या पुऱ्या सपाट होत नाहीत. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत होणाऱ्या श्रीताडाचे पान तर याहून खूप मोठे. रॉबर्ट नॉक्स हा इंग्रज खलाशी १६६० ते १६७९ श्रीलंकेत कँडीच्या राजाच्या कैदेत होता. १६८१ मध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकात या पानाचे वर्णन आहे : उघडले की कित्येक माणसांना पावसापासून झाकते, मिटले की पंख्यासारखे मिटून हाताच्या जाडीचे होते, आणि वजनाला अगदी हलके. लोक ते डोक्यावर धरून चालत, मुक्कामाला त्याचाच तंबू करत. काड्यांविना मिटणारी छत्री याहून वेगळी काय असते? एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या पानाच्या चुण्यांच्या कण्यांवर जाड शिरा असतात. निसर्गाने तिथे बारीक काड्या ठेवल्याच आहेत, फक्त त्या पानातच विरघळवल्या आहेत.

आता प्रत्यक्ष छत्री. अनेक मांडण्यांमध्ये मला सर्वांत साधी मांडणीच सर्वांत भरवशाची वाटते : लांब पट्टीला समांतर चुण्या घालून, ती गोल फिरवून, दोन टोके जोडायची. सणावारी सजावटीला कागदाची चक्रे करतात तीच ही रचना.

पट्टी ४ मीटर लांब आणि ५० सेंटिमीटर रुंद घ्या. जोडणीसाठी ८ सेंटिमीटर जास्त. दर ४ सेंटिमीटरवर एक घडी, एकदा वर, एकदा खाली. १०० पट्ट्या आणि ५० चुण्या होतात. चौरस मीटरला १२० ग्रॅम भरणाऱ्या कागदाचे मिळून वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरते. घड्या हाताने अंदाजे घालू नका. पुठ्ठ्यावर रेघा आखून घ्या, पोलादी पट्टी लावून चमच्याच्या दांड्याच्या बोथट टोकाने आधी प्रत्येक रेघ दाबा, आणि मगच दुमडा. एक मिलिमीटरची चूक शंभर वेळा साठली तर चक्र गोल बसत नाही.

कागद कोणत्या दिशेने कापता हे फार महत्त्वाचे आहे. कारखान्यात कागद तयार होताना तंतू यंत्राच्या दिशेने ओढले जातात, त्यामुळे त्या दिशेत कागद अधिक ताठ असतो. वर्तमानपत्र उभे फाडले तर सरळ फाटते, आडवे फाडले तर वाकडेतिकडे, ते याचमुळे. आपल्याला ताठपणा दांड्यापासून कडेकडे हवा आहे, म्हणजे तंतू घड्यांना समांतर हवेत. गुंडाळीतून चार मीटरची सलग पट्टी कापली तर ते नेमके उलटे येतात. म्हणून गुंडाळीतून ५० सेंटिमीटर लांबीचे तुकडे कापून ते शेजारी शेजारी खळीने जोडा. जोड पट्टीच्या मधोमध यावा, घडीवर येऊ नये. तंतूंच्या दिशेने घातलेली घडी सुबक पडते, मात्र रोजच्या उघडझापीत ती लवकर झिजते. ही किंमत मोजायला माझी हरकत नाही, कारण ताठपणा गेला तर छत्रीच उरत नाही.

सगळ्या चुण्या मिटल्या की ५० सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद असा गठ्ठा हातात येतो. आता या मांडणीतला माझा सर्वांत आवडता भाग. गठ्ठ्याचे आतले टोक काटकोनात ठेवायचे नाही, तिरके कापायचे : वरची धार खालच्या धारेपेक्षा दीड सेंटिमीटर लांब राहील असे. धारदार पात्याने हा एकच काप. गठ्ठा उघडून ही तिरकी कड उभ्या दांड्याला टेकवली की सगळ्या चुण्या आपोआप सुमारे २० अंशांनी खाली उतरतात. छत्रीचा उतार त्या एका कापात ठरतो. मग कापलेल्या कडेजवळ वर एक आणि खाली एक अशी दोन भोके गठ्ठ्यातून आरपार पाडायची, दोन्हींतून मजबूत दोरा ओवायचा आणि बांबूच्या दांड्याभोवती आवळायचा. वर छोटी टोपी हवीच, नाहीतर पाणी दांड्यावरून थेट मनगटावर येते. प्लास्टिकच्या बाटलीचा कापलेला गळा इथे उत्तम बसतो.

अशी छत्री उघडल्यावर सुमारे ९४ सेंटिमीटर व्यासाची होते. चुणीची उंची दांड्याजवळ पूर्ण ४ सेंटिमीटर राहते आणि बाहेर जाताना कमी होत कडेला पावणेतीन सेंटिमीटरवर येते. दांड्यावर अधांतरी असलेल्या कोणत्याही छपराला वाकवणारे बळ मुळाशी सर्वांत जास्त असते आणि कडेला शून्य. जिथे जास्त उंची हवी तिथेच ती मिळते, आणि हे कोणी मुद्दाम न घडवता, गोल फिरवण्याच्या भूमितीतूनच मिळते.

राहिला घडी उघडी धरण्याचा मुद्दा. बाहेरच्या कडेला चुणीच्या प्रत्येक वरच्या धारेत बारीक भोक पाडा आणि त्यांतून नायलॉनचा दोरा ओवा, दर सहा सेंटिमीटरला थोडे कमी अशा अंतराने गाठ मारत. या दोऱ्याशिवाय छत्री उभी राहते, पण एका बाजूला वारा लागला की तिथल्या चुण्या पसरून सपाट होतात, दुसरीकडच्या गोळा होतात आणि सपाट झालेला भाग लोंबतो. गाठी चुण्यांचे अंतर बांधून ठेवतात. दोऱ्याचे आणखी मोठे काम आहे. खालून वारा शिरला तर उतरते छप्पर आधी सपाट होऊन मग उलटे व्हायला बघते. सपाट व्हायचे म्हणजे कडेचा घेर २९५ सेंटिमीटरवरून ३१४ पर्यंत वाढायला हवा. दोरा तो वाढू देत नाही. पोलादी काड्यांच्या छत्रीचा उलटण्याचा जो कायमचा रोग आहे, त्यावर या कागदी छत्रीत एका दोऱ्याचा उतारा आहे. छत्री मिटली की दोरा सैल पडतो, अडचण करत नाही. जोडणीच्या जागी एक चुणी दुसरीवर चढवून तीन प्रेस-बटणे लावली की उघडायला-मिटायला सोपे.

मग वाऱ्यात ती का हरते? ताशी ३६ किलोमीटरच्या थेट वाऱ्यात चुणीच्या मुळाशी जो ताण येतो, तो चांगल्या खाकी कागदाच्या तुटण्याच्या ताणाचा साधारण दहावा हिस्सा असतो. ताकद भरपूर उरते. पण ०.१५ मिलिमीटर जाडीची आणि ४ सेंटिमीटर उंचीची उभी पट्टी तुटण्याच्या कितीतरी आधी बाजूला मुरडते. मुरडली की उंची गेली, आणि उंची गेली की ते ३० हजार पट बळही गेले. चुण्या अरुंद केल्या तर मुरडणे कमी होते, पण उंचीही घटते. जाड पुठ्ठा घेतला तर तो चक्रात फिरताना लागणारा किंचित पीळ सहन करत नाही, कण्यांवर फाटतो. मला पटणारा मार्ग असा : दांड्यापासून २० सेंटिमीटरपर्यंत आतून कागदाचा दुसरा थर चिकटवावा. जाडी दुप्पट झाली की मुरडण्याला विरोध चौपट होतो, आणि २० सेंटिमीटरच्या पुढे वाकवणारे बळ मुळाच्या निम्म्याहूनही कमी उरते, तिथे एकच थर पुरतो. एवढे करून ही छत्री ताशी अठरा-वीस किलोमीटरच्या वाऱ्यापर्यंत नेता येईल असे हिशेब सांगतो. त्यापुढे काडीला पर्याय नाही.

प्रश्न : जपानी अभियंत्यांची 'मिउरा घडी' एका ओढीत उघडते म्हणतात. छत्रीसाठी ती का वापरू नये?

उत्तर : कोर्यो मिउरा यांनी १९७० मध्ये मांडलेली ही घडी सुंदरच आहे. कागदावर समांतरभुज चौकोनांची नक्षी असते; दोन कोपरे धरून ओढले की सगळा कागद एकदम पसरतो. जपानने १९९५ मध्ये सोडलेल्या स्पेस फ्लायर युनिट या उपग्रहावर या घडीचा पडदा अवकाशात उघडून पाहिला गेला. नकाशांसाठी तर ती फारच सोयीची.

छत्रीला ती तीन कारणांनी नको. ज्या घडीत सगळे भाग एकाच हालचालीने बांधलेले असतात ती एका ओढीत उघडते, तशीच एका झुळकीत मिटायला लागते. दुसरे कारण आकाराचे : मिउरा घडीचा कागद एका दिशेने खाली वाकवला तर दुसऱ्या दिशेने वर उचलला जातो, घोड्याच्या खोगिरासारखा आकार होतो. छत्रीला घुमट हवा. तिसरे कारण पावसाचे. त्या नक्षीत घड्या एकमेकींना जागोजागी छेदतात, आणि अशा प्रत्येक छेदावर काही दिवसांच्या उघडझापीने टाचणीएवढे भोक पडते. जुना घडीचा नकाशा कुठे फाटलेला असतो ते आठवा. चुण्यांच्या चक्रात एकही घडी दुसरीला छेदत नाही, हा तिचा मोठा गुण.

प्रश्न : पण कागद भिजणारच. जपान-चीनमधल्या कागदी छत्र्या पावसात कशा चालत?

उत्तर : कागदातले तंतू एकमेकांना ज्या बंधांनी धरून असतात ते पाण्याने सुटतात. साधा कागद पूर्ण भिजला की त्याची ताकद मूळच्या दहा टक्क्यांहूनही कमी उरते. तिथल्या कारागिरांनी यावर दोन उपाय केले. एक, लांब तंतूंचा कागद. तुतीच्या जातीच्या कोझो झाडाच्या सालीचा तंतू जवळजवळ एक सेंटिमीटर लांब असतो. लाकडाच्या लगद्यातला एक ते तीन-साडेतीन मिलिमीटर. दोन, तेल. चीनमध्ये टुंगच्या बियांचे, जपानमध्ये जवसासारखी सुकणारी तेले. ही तेले हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतात, तंतूंमध्ये पातळ, लवचीक पापुद्रा धरतो आणि पाणी आत शिरत नाही. जपानमधल्या गिफू शहरात आणि थायलंडमध्ये चिआंग माईजवळच्या बो सांग गावात कागदी छत्र्या आजही बनतात. त्या सगळ्यांना बांबूच्या भरपूर काड्या असतात, कित्येकदा चाळीस-पन्नास. आणि हिशेब आजच्या उलट होता. कागद फाटे, काड्या टिकत. १६०३ ते १८६८ या एडो काळात जुन्या छत्र्या विकत घेत फिरणारे व्यापारी होते. सांगाड्यावर नवा कागद चढे आणि जुना तेलकट कागद सोलून खाण्याचे पदार्थ बांधायला वापरत.

आपल्याकडे जवसाचे, म्हणजे अळशीचे उकळलेले तेल रंगाच्या दुकानात मिळते. सगळ्या घड्या घालून झाल्यावर दोन्ही बाजूंनी पातळ हात द्या, सावलीत काही दिवस वाळू द्या, मग दुसरा हात. आधी तेल लावून मग घडी घातली तर वाळलेला पापुद्रा घडीवरच तडकतो. घड्यांच्या धारांना एक हात जास्त द्या, कारण पाणी पहिल्यांदा तिथूनच शिरते. कागद निवडता येत असेल तर सुती चिंध्यांचा हातकागद पाहा. पुण्याच्या शिवाजीनगरमध्ये हातकागद संस्था आहे. आपल्या चलनी नोटाही सुती तंतूंच्याच कागदाच्या असतात, म्हणून त्या इतक्या घड्या सोसतात. मेण मी मोठ्या छत्रीला सुचवत नाही. उन्हात ते मऊ होते आणि घडीवर भेगाळते.

एक धोका नीट लक्षात ठेवा. जवसाचे तेल वाळताना उष्णता बाहेर टाकते. तेल पुसलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता आत कोंडते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. अशा चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

प्रश्न : कागद स्वस्त, पण शंभर घड्या घालायला तासन्‌तास गेले तर छत्री स्वस्त कशी?

उत्तर : अगदी बरोबर. या छत्रीत खरा खर्च हातांचा आहे. हाताने करायची असेल तर साचा करा. जाड कागदाच्या दोन तावांना एकसारख्या चुण्या घालून घ्या. त्यांच्या मध्ये छत्रीचा कागद ठेवून तिन्ही एकत्र मिटायचे आणि वजनाखाली ठेवायचे. चुण्यांचे घागरे करणारे कारागीर कापडाला अशाच कागदी साच्यात घालून वाफ देतात. साचा एकदा जमला की तो अनेक छत्र्यांना पुरतो.

मोठ्या प्रमाणावर करायचे तर यंत्र शोधायला लांब जायला नको. मोटारीच्या एअर फिल्टरमध्ये काय असते? राळ पाजून कडक केलेला, बारीक चुण्या घातलेला कागद. तशाच चुणीदार कागदाची तेलाची गाळणी गरम तेलात महिनोन्‌महिने राहते आणि तिच्या चुण्या मोडत नाहीत. असा कागद चुणून देणारी यंत्रे जगभर चालतात. चुणीची उंची त्या यंत्रांना बदलता येते. कागद आधी चुणायचा, मग राळ पक्की करायची, हा त्यांचा क्रम आपल्या छत्रीला थेट लागू पडतो. ओला झाल्यावरही ताकद टिकवणाऱ्या राळी कागद-उद्योगात नेहमीच्या आहेत. चहाच्या पुड्यांचा कागद गरम पाण्यात फाटत नाही तो त्यांच्यामुळेच. छत्री स्वस्त करण्याचा रस्ता मला छत्रीच्या कारखान्यापेक्षा फिल्टरच्या कारखान्यातून जाताना दिसतो. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी आसपासच्या अशा कारखान्याचे दार ठोठावले तर वर्षभराच्या प्रकल्पाला पुरेल एवढे काम त्यात आहे.

प्रश्न : आठवीच्या मुलांकडून हे शाळेत करून घेता येईल का?

उत्तर : जरूर, पण निम्म्याच्या आसपास आकाराची करा. पट्टी २४० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद, आणि घडी दर ३ सेंटिमीटरवर. म्हणजे ४० चुण्या. लांबी कमी झाल्याने प्रत्येक चुणीला मुळाशी वाकवणारे बळ मोठ्या छत्रीच्या जवळजवळ पाव होते आणि अरुंद पट्टी सहज मुरडतही नाही; मुलांना यश लवकर मिळते. तेलाऐवजी मेणबत्तीचा तुकडा दोन्ही बाजूंनी घासायला द्या, वर्गातल्या प्रयोगाला तेवढे पुरते.

दोन गट करून एकाला कडेच्या दोऱ्यासह आणि दुसऱ्याला दोऱ्याशिवाय छत्री बनवू द्या. दोन्हींच्या कडेला एकाच जागी चिमट्याने पुडी अडकवून तीत एकेक नाणे टाकत जा, आणि कड किती खाली येते ते मोजपट्टीने वहीत उतरवा. मग टेबलफॅनसमोर छत्री आडवी धरा. आधी पाठ पंख्याकडे, नंतर पोकळ बाजू पंख्याकडे. पाठ पंख्याकडे असताना दोऱ्याने फारसा फरक पडणार नाही. पोकळ बाजू वळवली की बिनदोऱ्याची छत्री पसरून उलटू लागेल आणि दोऱ्याची तशीच राहील. तिथे थांबून मुलांनाच दोन्ही कडांचे घेर सुतळीने मोजायला सांगा.